कापूस घरात आला, पण नाव कुणाचं?

 

आधी आमच्या गंगापूर तालुक्यातली खबरबात. थंडी चांगलीच पडलीय. कायगावकडं, नाथसागराच्या फुगवट्याजवळच्या गावांत सकाळी आठपर्यंत धुकं हटत नाही. पाण्यावर लांबलांबची पाखरं उतरलीत. उसाच्या फडाशेजारी तोडणीवाल्यांच्या कोप्या पडल्यात. त्यातल्या बाया पहाटे तीनला चूल पेटवतात. वाळूजच्या कंपन्यांत जाणाऱ्या आमच्या पोरी अंधारातच फाट्यावर शेकोटीपाशी उभ्या असतात. हरभऱ्याला घाटे धरलेत, गव्हाला पाणी चालू आहे. लाइट रात्रीची असली की नवरा-बायको दोघंही बॅटरी घेऊन रानात. एकट्या बाईला मात्र सोबतीला शेजारीण शोधावी लागते.

आणि कापूस. शेवटची वेचणी चालू आहे. या दिवसांत आमच्या गटांच्या बैठका दुपारी होतच नाहीत. कुठं रात्री आठला देवळात, तर कुठं भाकरीच्या सुट्टीत बांधावरच. एका गटानं तर वजनकाट्याशेजारी बसून बचत गोळा केली. आमचं म्हणणं एवढंच, की बैठक मोडू नये, जागा कुठलीही चालेल.

वेचणीतलं एक गुपित तुम्हाला ठाऊकच आहे. मजुरी किलोवर मिळते, म्हणून सकाळचा दवाचा कापूस वेचणारीला परवडतो, वजनाला भरतो. पण तोच ओला कापूस सीसीआयच्या केंद्रावर अडतो. तिथं आठ ते बारा टक्के ओलावा चालतो. आठच्या वर जसा वाढेल तसा भाव कापतात, बाराच्या वर गेला तर गाडी परत. म्हणून ऊन चढल्यावर वेचावं, घरी दोन दिवस पसरून ठेवावं. मालकिणीनं दव सुकेपर्यंत मजुरांना थांबवलं, तर वजनाची ती तूट मजुरीत भरून द्यावी. सगळा तोटा वेचणारीच्याच माथी का?

पण आज खरं बोलायचंय ते पुढचं. केंद्रावर गाडी गेली की पहिला प्रश्न येतो, सातबारा कुणाच्या नावावर? पीक पाहणीला नाव कुणाचं, आधारला जोडलेलं बँक खातं कुणाचं? पेरलं कुणी, खुरपलं कुणी, वेचलं कुणी, हे तिथं कुणी विचारत नाही.

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगतो, त्यांना विचारूनच सांगतो. मालक जाऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षं शेत त्याच करतात, पण सातबाऱ्यावर अजून मालकांचंच नाव. त्यामुळं हमीभावाच्या केंद्रावर नोंद होईना. कापूस गावातल्याच व्यापाऱ्याला गेला, तो देईल त्या भावानं. पीक कर्ज नाही, विम्याचा अर्जही नाही. आम्ही म्हटलं, ताई, वारस नोंद करून घ्या. तर म्हणाल्या, "दीर म्हणतेत, घाई काय हाय? आम्ही हाव ना." दीर वाईट माणूस नाही. अडीअडचणीला धावून येतो. पण "आम्ही आहोत ना" म्हणून बँक कर्ज देत नाही, हे त्यांना समजावता समजावता आमचे दोन महिने गेले.

मग काम सुरू झालं. मृत्यूचा दाखला होताच. सगळ्या वारसांची नावं, वय आणि नातं लिहून प्रतिज्ञापत्र केलं. सातबारा आणि आठ-अ उतारा काढला. अर्ज तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, ऑनलाइनही करता येतो. त्यावरून वारस रजिस्टरला नोंद होते, मग फेरफार पडतो, हरकत घ्यायला पंधरा दिवसांची नोटीस लागते, आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. या नोंदीला सरकारी फी नाही. कुणी "वरचा खर्च" सांगितला तर पावती मागा. पावती म्हटलं की बोलणं बऱ्याचदा तिथंच थांबतं.

वारस लिहिताना एक गोष्ट आम्हालाही नव्यानं उमगली. हिंदू वारसा कायद्यात मयताची बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांचा वाटा सारखा. म्हणजे या ताईंच्या सासूबाईंचंही नाव आलं. म्हातारी तोवर गप्प बसून होती. नाव लिहायला लागलो तर म्हणाली, "माझं? माझं कशाला?" मग जरा वेळानं म्हणाली, "लिव्हा, लिव्हा. शेंदुरवाद्याला माहेरी बी नव्हतं कुठं." अंगठा उठवून झाल्यावर पुसला नाही, तसाच बघत बसली.

दिरानं हरकत घेतली नाही. फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर आता ताई, दोन लेकरं आणि सासू.

पण नाव लागलं म्हणजे जमीन एकटीची झाली, असं नाही. विकायची म्हटली तर सगळ्यांची संमती लागते, लेकरं लहान असतील तर कोर्टाची परवानगीही लागते. नणंदा किंवा लेकी "हक्कसोड" देतात, तीही नोंदणी केल्याशिवाय चालत नाही. साध्या कागदावर सही देऊ नका आणि घेऊही नका. लेक भाऊबीजेला आली की कागद पुढं करायचा, ही रीत आम्हाला तरी पटत नाही.

2025 साली सरकारनं "जिवंत सातबारा" नावाची मोहीम राज्यभर चालवली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, असं ते काम. बरीच नावं लागली, पण आमच्या यादीत सुटलेल्या बाया अजून आहेत. ज्यांचे मालक हयात आहेत त्यांच्यासाठीही सोय आहे. 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या नावानं गावोगाव मोहीम चालवली होती. आमच्या सासवांना ती सभा-भाषणं आठवतात. नावं किती जणींची लागली, ते ज्यानं त्यानं आपल्या घरचा उतारा काढून बघावं.

आता हळदीकुंकू. या ताईंना तीन वर्षं कुणी बोलावलं नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं पत्रक काढलं. आमच्याकडं पत्रक आलं, पण हळदीकुंकवाच्या बोलावण्यात फरक पडला नाही. म्हणून यंदा गटाचं हळदीकुंकू सगळ्यांचं, असं बैठकीत ठरवून वहीत लिहिलं. दोघी-तिघी रुसल्या. एक मावशी आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या. त्यांना आत आणलं ते त्यांच्याच सुनेनं. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा देण्याऐवजी प्रत्येकीला तिच्या घरच्या सातबाऱ्याचा उतारा दिला. वाचता येतं त्यांनी वाचला, बाकीच्यांना आम्ही वाचून दाखवला. हसणं-खिदळणं चालू होतं, ते हळूहळू कमी झालं. चाळीसजणींत नाव निघालं सात जणींचं.

रथसप्तमीपर्यंत आमची अजून तीन गावं बाकी आहेत. तिथल्या ताईंनी येताना आपला गट नंबर आणि खाते नंबर लिहून आणावा. ज्यांच्या घरी वारस नोंद राहिलीय त्यांनी मृत्यूचा दाखला, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स आणावी. दाखला हरवला असेल तरी या, ग्रामपंचायतीतून पुन्हा मिळतो. आणि सासूबाईंना घरी ठेवून येऊ नका.