दिवा लावल्यानंतरचे काम

(साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



सातपुड्यातल्या पाड्यांवर सौरदिवे बसावेत म्हणून आपण दान देता. त्या दानाचे पुढे काय होते आणि काय व्हायला हवे, हे आज थोडक्यात सांगतो.

धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांच्या नकाशावर गाव एकच दिसते. प्रत्यक्षात त्याचे अनेक पाडे असतात, आणि घरे आपापल्या शेताच्या कडेला, डोंगराच्या उतारावर विखुरलेली असतात. दोन घरांसाठी दरी ओलांडून खांब न्यायचे म्हणजे खर्च फार. तार पोहोचली तरी वादळात झाड पडते आणि दुरुस्ती होईपर्यंत अंधार. अशा रात्री बाई अडली, कोणाला साप चावला, तर हाताशी रॉकेलची चिमणी, नाहीतर मोबाइलचा उजेड. तोही चार्ज असेल तर.

सरकारनेही हे ओळखले आहे. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत, तार नेणे शक्य नसलेल्या घरांसाठी २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. यातली पाच वर्षे लक्षात ठेवा. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते. शिसे-आम्लाची बॅटरी मात्र तीन ते पाच वर्षांत थकते. म्हणजे देखभालीची मुदत संपते त्याच सुमारास बॅटरीही संपते.

एका पाड्यावर मी सात घरांवर पॅनेल पाहिले. उजेड दोनच घरांत होता. एका आजीने पॅनेल उतरवून अंगणात ठेवले होते आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. म्हणाली, “उजेड देत नाही, तर एवढे तरी करू दे.” बसवणारे फोटो काढून गेले, ते परत फिरकले नव्हते.

घराची गरज तशी लहान असते. नऊ वॉटचे तीन दिवे पाच तास लावले आणि एक मोबाइल चार्ज केला, तर साधारण १५० वॉट-तास लागतात. १०० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे ४०० वॉट-तास देते. आषाढ-श्रावणात ते बरेच उतरते. तेव्हा तीनऐवजी एकच दिवा लावायचा, हे घरच्यांना आधीच सांगावे लागते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, झाडाची सावली टाळून बसवायचे. काचेवरची धूळ पुसायची. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, विहिरीचे पाणी नाही. एवढे पाळले तर बॅटरी आपले आयुष्य पुरे करते.

वसतिगृहाचे गणित वेगळे. अठरा वॉटच्या २० ट्यूब पाच तास आणि तीस वॉटचे आठ पंखे आठ तास चालवले, तर दिवसाला पावणेचार युनिटच्या आसपास वीज लागते. एक किलोवॉट साधारण चार युनिट देतो. पण ढगाळ दिवस आणि गळती धरून दोन किलोवॉट बसवणे बरे. इथे एक सावधगिरी. शहरात छतावर जो ऑन-ग्रिड संच बसतो, तो तारेतली वीज गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था असते. बिल कमी करायला तो उत्तम. पण जिथे रात्र-रात्र वीज नसते तिथे बॅटरीसह संचच हवा. दवाखान्यालाही तेच लागू. लसी २ ते ८ अंश तापमानात राहिल्या पाहिजेत. फ्रिज बंद पडला तर त्या वाया जातात.

मग सांभाळायचे कोणी? राजस्थानात तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने शाळेची पायरीही न चढलेल्या आज्यांना सौरसंच जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले. आपल्या पाड्यावरच्या बायकांनाही ते जमेल. प्रत्येक पाड्यावर दोघी तयार करायच्या, त्यांच्याकडे मल्टिमीटर, पान्हे, जास्तीचे फ्यूज आणि दिवे द्यायचे. घरटी महिन्याला ६० रुपये बचतगटात जमा झाले, तर पाच वर्षांत ३,६०० रुपये होतात. जुनी बॅटरी दुकानात दिली की तिचेही पैसे वळते होतात. नव्या बॅटरीचा बराचसा भार असा पाड्यावरच उचलला जातो, आणि संच ‘मिशनचा’ न राहता घरचा होतो.

म्हणून माझी विनंती अशी. दहा घरांचे दान हाती असेल तर आठच घरांना संच देऊ या, आणि उरलेल्या रकमेतून प्रशिक्षण व सुटे भाग घेऊ या. अहवालात आकडा लहान दिसेल. ज्या दोन घरांना थांबावे लागेल, त्यांना ते कठीण जाईल. त्यांच्यापुढे जाऊन कारण सांगण्याची जबाबदारी आम्हा कार्यकर्त्यांची. पण पाच वर्षांनी आपण त्या पाड्यावर याल तेव्हा आठही घरांत दिवे लागलेले असावेत. तेव्हा आम्हाला ‘किती बसवले?’ एवढेच विचारू नका. ‘आज किती चालू आहेत?’ हेही विचारा.