पहिल्या दिवशी तिच्या शेजारी कोण बसलं?

(वस्तीपातळीवर युवती-गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

मला विषय दिलाय ‘गटात नव्या मुलींना सामावून घेणं’. विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणींना वाटलं असेल, यात काय बोलायचं? मुलगी आली, ‘ये, बस’ म्हटलं, नाव लिहून घेतलं, झालं. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात गटकार्याचा एक आख्खा पेपर होता. गट कसा बनतो, कोणत्या अवस्थांतून जातो, हे सगळं पाठ करून मी पास झाले. शिकले मात्र नंतर, एका मुलीमुळे. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करते.

पुण्यातल्या एका वस्तीत आमचा युवती-गट आहे. दर शनिवारी संध्याकाळी समाजमंदिरात बसतो. गट चांगला बांधलेला. मुली गाणी म्हणतात, पथनाट्य करतात, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीची फेरी स्वतः काढतात. समाजमंदिरात पूर्वी फक्त पोरांचा कॅरम चालायचा. आमच्या मुलींनी भांडून आठवड्यातला एक दिवस मिळवला. त्यामुळे आम्हाला गटाचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही.

एका जूनमध्ये एक मुलगी आली. सोळा वर्षांची, नववीनंतर शाळा सुटलेली. घरचे लोक मराठवाड्यातून बांधकामावर आलेले. दोन शनिवार आली, तिसऱ्या शनिवारी आली नाही. आमच्या हजेरीत तिच्या नावापुढे दोन ‘ह’ आणि मग रिकामे चौकोन. तिमाही अहवालात मी लिहिलं, ‘नवीन मुली – ११’. त्या अकरांत ती होती.

दिवाळीनंतर वस्तीतल्या एका मावशींनी सहज सांगितलं, त्या पोरीचं गावी नेऊन लग्न लावून दिलं. वर्षभराने ती माहेरपणाला आली तेव्हा नळावर भेटली. मी विचारलं, ‘अगं, तू गटात यायची का थांबलीस? कुणी काही बोललं का तुला?’

ती म्हणाली, ‘न्हाई ताई. कुणीच काही बोललं न्हाई. म्हणूनच.’

एवढंच बोलली आणि हंडा उचलून गेली.

मी असा दावा करणार नाही की ती गटात टिकली असती तर तिचं लग्न थांबलंच असतं. घरची ओढाताण, कामासाठीची वणवण, वयात आलेल्या मुलीची आईबापांना वाटणारी धास्ती, ही कारणं आमच्या शनिवारच्या दोन तासांपेक्षा मोठी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचात एक. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, १०९८ हा क्रमांक आहे. पण घरात बोलणी सुरू झाली हे ज्या मुलीला कुणाला तरी सांगावंसं वाटलं असेल, तिला ते सांगायला माणूस लागतं. त्या मुलीला आमच्या गटात तसं एकही माणूस मिळालं नव्हतं. हे दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

आम्ही काय करत होतो?

त्यानंतर मी चार शनिवार गट घेतला नाही. सहकारी मैत्रिणीला घ्यायला लावला आणि कोपऱ्यात बसून फक्त बघितलं. तुम्हीही हे एकदा करून बघा.

जुन्या मुली आल्या की एकमेकींना चिकटून बसायच्या. गोल दिसायला गोल, पण नवी मुलगी नेहमी दाराजवळ, चटई संपते तिथे. कुणी तिला हाकललं नव्हतं. तिच्यासाठी कुणी सरकलं नव्हतं, इतकंच.

मग गाणं. सगळ्यांना तोंडपाठ, नवीला एक ओळ येत नाही. ती टाळ्या वाजवते आणि ओठ हलवल्यासारखं करते. मग गेल्या शिबिरातल्या गमती. कुणीतरी एक शब्द उच्चारायचा की सगळ्या खो-खो हसणार. नवी आधी हसते, मग तिच्या लक्षात येतं की आपल्याला काहीच कळलं नाही, आणि ती खाली बघते.

मग ‘ओळख करून घेऊ या’. पूर्ण नाव सांग, कितवीत आहेस, कुठे राहतेस, वडील काय करतात. मैत्रिणींनो, या चार प्रश्नांत आपण काय विचारतो बघा. आडनावातून जात कळते. ‘कुठे राहतेस’मधून पक्क्या घरांची गल्ली की नाल्याकाठची पत्र्याची खोली, ते कळतं. ‘कितवीत’ म्हटलं की शाळा सुटलेली मुलगी सगळ्यांसमोर उघडी पडते. वडील नसलेली, वडिलांनी टाकलेली, तिने काय सांगायचं? जातिअंताची गाणी म्हणणारा आमचा गट पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकीची जात, वर्ग आणि घरचं दुःख तपासून घेत होता, तेही हसतमुखाने.

आणि वेळ! गट पाचला. त्या भागात पाणी सुटतं पाचला. जुन्या मुलींनी घरी भांडून पाण्याची पाळी आईवर किंवा भावावर टाकलेली. नव्या मुलीने ते भांडण अजून केलेलं नाही. तिने ते पहिल्याच आठवड्यात करावं, अशी आमची नकळत अट होती. शिवाय ‘लहान भावंडं आणायची नाहीत’ हा नियम. ज्या मुलीच्या कडेवर चोवीस तास भाऊ आहे, तिला आम्ही दारातूनच परत पाठवत होतो.

बाकीच्या गोष्टी नुसत्या सांगून पुढे जाते. वाढदिवसाच्या केकची वर्गणी. निरोप फक्त व्हॉट्सॲपच्या गटावर, म्हणजे फोन भावाच्या हातात असेल तर निरोपही भावाच्या हातात. कार्यक्रमाआधी नारळ फोडायची सवय, मग मुसलमान मुलगी जरा मागे सरकणार. पहिल्या मजल्यावरची खोली, मग पायाने अधू असलेली मुलगी येणारच नाही. प्रत्येक गोष्ट छोटी. सगळ्या मिळून एक दार होतं, आणि ते आतून लावलेलं होतं.

मग काय बदललं?

मी हे सगळं मुलींसमोर मांडलं तेव्हा त्या चिडल्या. जी सर्वात जुनी, सर्वात धडाडीची मुलगी, ती म्हणाली, ‘ताई, ही जागा आम्ही भांडून मिळवलीय. पोरांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या. आता कुणीही आयतं येऊन बसणार, आणि वर आम्हीच वाईट?’

तिचं म्हणणं मला उडवून लावता आलं नाही. घरात जिला स्वतःची एक ट्रंकसुद्धा नाही, तिला आयुष्यात पहिल्यांदा ‘आपली’ म्हणावी अशी जागा मिळालेली. ती वाटून घे म्हणणं सोपं नाही. मी उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, की प्रत्येकीने आपला गटातला पहिला दिवस सांगायचा.

त्या दिवशी साडेआठपर्यंत बसलो. एकजण म्हणाली, मी दोनदा दारातून परत गेले होते. दुसरी म्हणाली, माझी चप्पल तुटकी होती म्हणून मी ती बाहेर न काढता पिशवीत ठेवली होती. आणि ती चिडलेली मुलगी सर्वात शेवटी बोलली, ‘मला कुणीतरी सतरंजी झटकायला हाताशी घेतलं होतं. ते केलं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी आले नसते.’

पुढचे नियम मुलींनीच ठरवले. ते सांगते.

ओळखीत फक्त हाक मारायचं नाव आणि आवडती एक गोष्ट. आडनाव, शाळा, वडील, काही नाही. सांगायचं तेव्हा ती आपणहून सांगेल. आणि ओळख जुन्या मुलींपासून सुरू होणार, म्हणजे नवीला ऐकून घ्यायला वेळ मिळतो.

प्रत्येक नव्या मुलीला पहिले चार शनिवार एक सोबतीण. सोबतिणीचं काम तीनच गोष्टींचं : येताना तिच्या घरावरून येणं, शेजारी बसणं, आणि सगळ्या हसल्या की का हसल्या ते सांगणं. या शेवटच्या कामाचा उपयोग सर्वात जास्त झाला.

दर वेळी एक गाणं सगळ्यांनाच नवीन. निदान त्या गाण्यापुरत्या सगळ्या सारख्या.

दुसऱ्या शनिवारपर्यंत नवीच्या हातात काहीतरी काम. चटई घालणं, हजेरी घेणं, खेळाची शिट्टी. आम्ही आधी नव्या मुलींचं गुलाबाचं फूल देऊन, टाळ्या वाजवून स्वागत करायचो. ते बंद केलं. पाहुणी म्हणून स्वागत केलं की ती पाहुणीच राहते. जिच्या हातात हजेरीची वही, तिला दुसऱ्या दिवशी यावंच लागतं.

वेळ सहाची केली, पाणी भरून झाल्यावर. भावंडं आणायची परवानगी. एका कोपऱ्यात पाटी-खडू, आणि पाळीपाळीने एकजण त्यांच्यापाशी.

हजेरीच्या वहीत एक जास्तीचा रकाना आखला : ‘का आली नाही?’ एक शनिवार चुकला तर सोबतीण, दोन चुकले तर मी घरी जायचं. चौकशीसाठी नाही, चहाला. आईशी बोलायचं. एका आईने मला स्पष्ट विचारलं, ‘म्याडम, तुम्ही पोरींना आमच्या इरुद्ध शिकवता म्हनं?’ मी म्हटलं, काकू, पुढच्या शनिवारी तुम्हीच येऊन बसा. त्या आल्या. आता त्यांची मुलगी कधी कंटाळा करते, तेव्हा त्याच तिला हाकलून पाठवतात.

जिथे चुकलो तेही सांगते

सगळं जमलं असं नाही. एका मुलीला सोबतिणीने इतकं घेरलं की ती वैतागून म्हणाली, ‘मला जरा गप्प बसू द्या की!’ गप्प बसायलाही जागा लागते, हे आम्ही तिच्याकडून शिकलो. बांधकाम संपलं की कुटुंबं हलतात, मुली जातात. त्यांना आता आमचा एक फोन नंबर कागदावर लिहून देतो, कारण फोन तिचा नसतो पण कागद तिचा असतो. आणि काही मुली आल्याच नाहीत. त्यांच्या घरी चारदा चहा पिऊनही आल्या नाहीत.

पण गेल्या वर्षी एक मुलगी पाचव्याच आठवड्यात सोबतिणीच्या कानात बोलली, की घरी पाहुणे बघायला येणार आहेत. सोबतीण माझ्याकडे आली. आम्ही घरी गेलो, आईशी बोललो, मामाशी बोललो, कायदा सांगितला, मुलीला बारावीपर्यंत शिकायचंय ते तिनेच सांगितलं, आम्ही फक्त शेजारी उभ्या राहिलो. बोलणी थांबली. कायमची थांबली का, ते पुढे दिसेल. पण ती बोलली.

आणि आपण?

शेवटी थोडं आपल्याबद्दल. मुलींच्या गटाबद्दल बोलणं सोपं आहे. आपल्या संघटनांमध्ये नव्या येणाऱ्या कार्यकर्तीचं काय होतं?

मी स्वतः पहिल्यांदा एका संघटनेच्या बैठकीला गेले तेव्हा ज्येष्ठ मैत्रिणी ‘मथुराच्या वेळी’ असं म्हणत होत्या. मला वाटलं, उत्तर प्रदेशातल्या मथुरेला काही झालं होतं की काय! विचारायची लाज वाटली. पुढे वाचून कळलं, मथुरा ही आपल्याच विदर्भातली आदिवासी मुलगी. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. हे सगळं त्या दिवशी दोन मिनिटांत कुणी सांगितलं असतं तर तो इतिहास तेव्हाच माझाही झाला असता. नव्या मुलींना आपला इतिहास माहीत नाही, अशी तक्रार आपण करतो. पण त्यांच्या शेजारी बसून तो सांगतो का?

सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा पहिल्या दिवशी आलेल्या मुली मोजक्याच होत्या. बाहेर सगळा गाव विरोधात असताना आत येणारी एकेक मुलगी मोलाची होती. आज आपले गट मोठे झाले, तर एखादी गळली तरी चालेल असं आपल्याला वाटायला लागलंय का, हे प्रत्येकीने आपापल्या हजेरीच्या वहीत बघावं.

म्हणून जाताना एक काम देते. परत गेल्यावर वही काढा. ज्या मुलींच्या नावापुढे दोनच ‘ह’ आहेत, त्यांची यादी करा. आणि या आठवड्यात त्यातल्या एकीच्या घरी चहाला जा. ‘का आली नाहीस?’ हे लगेच विचारू नका. आधी नुसतं शेजारी बसा.

जिंदाबाद!