मागचा दिवा आधी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी मंडळींनी सांगितल्याच आहेत. मी सायकलच्या दिव्याबद्दल बोलणार आहे. हसू नका, कारण आहे.

मागच्या पावसाळ्यात गडचांदूरहून स्कूटरने घाट चढून येत होतो. दिवेलागणीची वेळ, वर भुरभुर पाऊस. जिवती जवळ आली आणि अचानक पुढे एक दप्तर दिसलं. करकचून ब्रेक दाबला, स्कूटर घसरत थांबली ती वीतभर अंतरावर. सायकलवर आपल्याच सोसायटीतली मुलगी होती, क्लासवरून परतणारी. मी रागावलो, तर ती म्हणाली, "काकाजी, लाइट लावला आहे ना!" खरंच, हँडलवर दिवा होता. तिला रस्ता दिसत होता, पण मला ती दिसत नव्हती. मागचा लाल रिफ्लेक्टर दप्तराखाली झाकला गेला होता.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोरचं दिसून ब्रेक लागेपर्यंतच दीड सेकंद जातो, म्हणजे १६ मीटर गेले. त्यात रस्ता ओला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या वेळी डायनॅमो होता. चाकाला घासून दिवा पेटायचा, पण सायकल थांबली की अंधार. आता चार्जिंगचे दिवे आलेत, थांबल्यावरही जळतात. फक्त घेताना थोडा हिशेब करावा.

पहिली गोष्ट, पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर मागचा लाल दिवा आधी घ्या. तो सीटच्या दांड्याला किंवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावा आणि दप्तर ठेवून, दहा पावलं मागे जाऊन बघा, दिसतो का. मागचा दिवा सतत जळता ठेवलेला बरा. नुसत्या लुकलुकण्याने मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही.

दुसरी गोष्ट, पुढचा दिवा. खांबावर दिवे असलेल्या रस्त्यावर शंभरेक ल्युमेन पुरतात, अंधाऱ्या घाटात तीन-चारशे हवेत. दिव्याचं तोंड जरा खाली असू द्या, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

तिसरी गोष्ट बँकेतल्या माणसाला कळणारी. बॅटरी म्हणजे ठेव आणि उजेड म्हणजे उचल. २००० एमएएचची साधी लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे ७.४ वॅट-तास. दिवा ४ वॅट खात असेल तर दोन तासही पुरत नाही; १ वॅट खात असेल तर सात तास जातो. डब्यावर "बारा तास" छापलेलं असतं, ते बहुधा मंद किंवा लुकलुकत्या उजेडाचं असतं. तेव्हा पूर्ण उजेडात किती तास, हे दुकानदाराला विचारा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून वीज असेल तेव्हाच चार्ज करून ठेवायची सवय लावा. डब्यावर आयपीएक्स ४ लिहिलं असेल तर दिवा पाण्याचे शिंतोडे सोसतो. मात्र चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण नीट लावा.

आता मुद्द्याची गोष्ट. रौप्यमहोत्सवानिमित्त प्रत्येक घराला स्मृतिचिन्ह द्यायचं ठरत आहे. माझी विनंती आहे की त्याऐवजी सोसायटीतल्या प्रत्येक सायकलला एक मागचा दिवा द्यावा आणि पार्किंगमध्ये चार्जिंगचे चार पॉइंट काढावेत. सेक्रेटरीसाहेब, सत्काराची शाल-श्रीफळ मला नको. त्याचे पैसे याच खात्यात जमा करा.

ती मुलगी आज इथेच बसली आहे. तिच्या सायकलला आता मागे दिवा आहे. परवा संध्याकाळी तो मला घाटाच्या वळणावरूनच दिसला.