दोन थरांची बर्फी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



सचिव मला म्हणाले, "बाई, पंचवीस वर्षांचा आढावा अहवालात आलाच आहे. तुम्ही फक्त बर्फीवर बोला. दरवर्षी सगळे खातात, पण करायला तुम्हा दोघींशिवाय कुणालाच येत नाही." म्हणून आज मी कृती सांगणार आहे. आणि कृती सांगताना जे सांगावं लागेल तेही सांगणार आहे.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. नवीन जिल्हा म्हटल्यावर नवीन कार्यालयं आली आणि त्यांच्याबरोबर आपल्यासारखी माणसं आली. आमचे हे बदलून आले, पाठोपाठ मीही शाळेची बदली करून घेतली. पुढच्या वर्षी सोसायटीची नोंदणी झाली. पहिल्या दिवाळीला चोवीस प्लॉटांपैकी फक्त सात घरं उभी होती. रस्ता नव्हता, दिवे नव्हते, आणि प्रत्येकाचं गाव लांब. कुणाला जादा रजा नाही. तेव्हा ठरलं की सात घरांनी मिळून एकच फराळ करायचा. चकली एका घरी, लाडू दुसऱ्या घरी, असं वाटप झालं. बर्फी आली अकरा नंबरच्या मावशींकडे आणि माझ्याकडे.

मावशी वसमतच्या, माझं माहेर रत्नागिरीकडचं. कंपाऊंडच्या भिंतीवरून बोलणं झालं. मी म्हटलं, "मावशी, खव मी तयार ठेवते." आमच्याकडे खव म्हणजे खोवलेला नारळ. मावशींनी ऐकलं खवा! त्यांना वाटलं, बाई खवा आणणार, तरी हाताशी असावा म्हणून त्यांनीही अर्धा किलो आणून ठेवला. संध्याकाळी माझ्याकडे पातेलंभर नारळ आणि त्यांच्याकडे खवा. नारळ तरी कसे जमवले होते, तर औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेल्या घरांतून मागून. दोन्हीपैकी काहीच टाकून द्यायचं नव्हतं. मावशी म्हणाल्या, "माझं खाली घालू, तुझं वर घाल." आपल्या सोसायटीची दोन थरांची बर्फी अशी झाली. त्यामागे कसलीही कल्पकता नाही, हे आज जाहीर करते.

आता कृती. वह्या काढा.

एका थाळीला अर्धा किलो खवा. बाजारात खवा तीन तऱ्हेचा असतो. घट्ट तो पिंडी, तो बर्फी-पेढ्याचा. मऊ, ओलसर तो धाप, तो गुलाबजामचा. रवाळ तो दाणेदार, तो कलाकंदाचा. आपल्याला पिंडीच हवा. घरी आटवायचा असेल तर दहा लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण दोन किलो होतो, गाईच्या दुधाचा त्याहून कमी. मराठवाड्यात खव्याचं नाव काढलं की कुंथलगिरीचं नाव येतं, त्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण सणाच्या दिवसांत कुठलाही खवा घेताना एक करा. चिमूटभर खवा पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळं झालं तर त्यात स्टार्च मिसळलाय. तो खवा परत करायचा, लाजायचं नाही.

खवा किसून मंद आचेवर परतायचा. मऊ होऊन कडेला तूप दिसायला लागलं की उतरवायचा. कोमट झाल्यावर दीडशे ग्रॅम पिठीसाखर आणि वेलची घालून मळायचा. गरम खव्यात साखर घातली तर ती विरघळून सगळं पातळ होतं आणि परत आटवत बसावं लागतं. मग तूप लावलेल्या थाळीत थापायचा, वाटीच्या बुडानं सारखा करायचा. हा झाला मावशींचा थर.

माझा थर असा. दोन नारळांचा खव, साधारण तीन वाट्या. फक्त पांढरा भाग, पाठीचा काळा भाग येऊ द्यायचा नाही. दीड वाटी साखर, अर्धी वाटी दूध, चमचाभर तूप. सगळं एकत्र मंद आचेवर ढवळत राहायचं. मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागलं की झालं. रंगासाठी केशर परवडत नव्हतं, तेव्हा मावशींनी हरभऱ्याच्या डाळीएवढी हळद तुपात परतून घालायला लावली. मी म्हटलं, बर्फीत हळद? तर म्हणाल्या, "वसमतची हाय, वास लागू देणार नाही." आणि खरंच, वेलची-जायफळापुढे हळद कुणाला कळत नाही. आज वसमतच्या हळदीलाही मानांकन आहे, पण आपल्या बर्फीत ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता मुख्य गोष्ट. खालचा थर कोमट असतानाच वरचा थर त्याच्यावर पडला पाहिजे. खालचा गरम असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. खालचा गार झाला तर वर तुपाचा पातळ पापुद्रा धरतो आणि मग वरचं त्याला चिकटत नाही. बोट लावलं तर ऊब लागली पाहिजे, पण बोटाला काही चिकटता कामा नये. मधे तूप अजिबात लावायचं नाही. काट्यानं हलक्या रेघा ओढल्या तर अजून चांगलं. वरचा थर घातला की हातानं दाबायचं, चार-पाच तास झाकून ठेवायचं आणि मगच कापायचं. ओल्या नारळाची बर्फी आहे, दोन दिवसांत संपवा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते.

चार नंबरच्या काकूंची नात अमेरिकेत आहे. तिकडे नाताळात घरोघरी फज नावाची वडी करतात आणि डब्यात घालून शेजाऱ्यांना देतात. साखर, दूध, लोणी आटवायचं. तिनं व्हिडिओ कॉलवर थर्मामीटर दाखवला, ११५ अंश. मावशी म्हणाल्या, "म्हंजे गोळीबंद पाक की!" आणि तसंच आहे. तिनं चॉकलेटचा एक आणि शेंगदाण्याच्या लोण्याचा एक असे दोन थर केले, तर ते सुटून आले. मावशींनी इथून पहिला प्रश्न विचारला, "खालचा थर गार झालता का?" झाला होता.

हे मावशींना इतकं पक्कं माहीत का, तर आपल्या बर्फीचे थरही एकदा सुटले होते. जुन्या सभासदांना आठवत असेल, २००४ ची दिवाळी. चौदा घरं झाली होती, चार थाळ्या करायच्या होत्या. कापायला घेतली आणि पांढरी वडी वेगळी, पिवळी वडी वेगळी. मावशींनी मुलांना सांगितलं, यंदा दोन-दोन बर्फ्या आहेत. मुलं खूश. मोठ्यांना मी सांगितलं की लाईट गेली होती, म्हणून मला उशीर झाला. भारनियमनाचे दिवस होते, सगळ्यांना पटलं. त्याकडे मी परत येते.

२००९ मध्ये श्रावणात आमचे हे गेले. त्या दिवाळीला आमच्या घरी कढई चढली नाही, गोडधोड काही नाही. शेजारच्या घरांतून डबे आले, तशी आपल्याकडे रीतच आहे. नरकचतुर्दशीला सकाळी मावशी आल्या. हातात थाळी होती, बर्फीची, दोन्ही थरांची. माझा थरही त्यांनीच केला होता. पण वड्या पाडलेल्या नव्हत्या. मी म्हटलं, मावशी, अशी का आणली? तर म्हणाल्या, "कापायचं काम तुझं असतंय ना दरसाल? तळायचं नाही, गोड करायचं नाही. कापायला कुठं बंदी हाय?" सुरी त्यांनी पदराखालून काढली. मी कापत बसले, त्या समोर बसून राहिल्या. त्या दिवशी आमच्या घरातून सगळ्या घरांना बर्फी गेली. पुढच्या वर्षी मी परत नारळ खोवायला घेतले, ते त्या सकाळमुळे.

आता २००४ चं. मावशी, तुम्ही पहिल्या रांगेत बसलाय, म्हणून आज बोलते. त्या आठवड्यात बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून आपलं वाजलं होतं. तुम्ही भिंतीपलीकडून चार वेळा हाक मारलीत, "बाई, थर गार व्हायलाय." माझं पातेलं तयार होतं. झाकण ठेवून मी दोन तास आत बसून राहिले. मला वाटलं, होऊ दे गार. मावशी, त्या दिवशी लाईट गेली नव्हती. एकवीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही.

यंदा आपल्या चोवीस घरांसाठी सहा थाळ्या करायच्या आहेत. मावशींना शुगर आहे, माझे गुडघे बोलतात. तेव्हा सुनांनो, मुलींनो आणि मुलग्यांनोसुद्धा, धनत्रयोदशीला दुपारी अकरा नंबरला या. सहा जण खालच्या थराला, सहा जण वरच्या थराला.

(ता. क. स्मरणिकेसाठी भाषण लिहून देताना एवढं जोडते. मी खाली उतरून मावशींच्या शेजारी बसले, तेव्हा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मला तवाच माहीत होतं. आमच्याकडं लाईट होती की.")