पिवळी न होणारी कावीळ

कावीळ म्हटली की आपल्याला पिवळे डोळे आठवतात आणि पाठोपाठ कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता. आमच्या वांगणीतही तसंच. पण हिपॅटायटिस बी ही कावीळ पुष्कळदा पिवळी होतच नाही. माणूस वर्षानुवर्षं सकाळची कर्जत लोकल पकडून कामावर जातो आणि विषाणू यकृतात बसून असतो.

आमच्या शेजारची सून गरोदर असताना तिच्या रक्तात हा विषाणू निघाला. घरात तिचं ताट वेगळं झालं. मी म्हटलं, "काकी, ताट कशाला वेगळं काढलंत?" "भाई, लागतं ना ते!" ताटानं, मिठीनं ते लागत नाही. ते लागतं रक्तातून, वापरलेल्या सुईतून, वस्तऱ्याच्या जुन्या पात्यातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. ताटाची एवढी काळजी करणारं घर बाळाच्या पहिल्या टोचणीची चौकशी करत नाही, याचं मला भय वाटतं.

हा विषाणू बारूच ब्लूमबर्ग यांना १९६० च्या दशकात सापडला. त्यासाठी त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं. त्याची सारी संहिता जेमतेम ३,२०० अक्षरांची. तीच अक्षरं वेगळ्या ठिकाणापासून वाचली की दुसरा अर्थ निघतो. आम्ही कवी याला सभंग श्लेष म्हणतो आणि एखादा साधला तरी मिरवतो! संहितेत आठ टक्क्यांहून जास्त फरक पडला की वेगळा जीनोटाइप, म्हणजे वेगळं घराणं धरतात. 'ए' ते 'जे' अशी दहा घराणी सांगतात. शेवटच्या दोनांबद्दल अजून एकमत नाही. आपल्याकडे 'डी' आणि 'ए' ही मुख्य, पूर्व भारतात 'सी'ही. 'ए' घराण्यावर इंटरफेरॉन हे औषध अधिक चालतं, 'सी'मध्ये आजार जास्त काळ धुमसतो. मात्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी २००३ मध्ये पश्चिम भारतातली घराणी तपासली, तेव्हा आजाराच्या तीव्रतेशी त्यांचा ठळक संबंध आढळला नाही.

मग मुक्काम ठरतो कशावर? मुख्यतः वयावर. जन्माच्या वेळी लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत ती कायमची राहते. धडधाकट प्रौढांत शंभरात पाचांहून कमी जणांत. पण त्या पाचांतही माणसं असतात. १९८२ मध्ये 'कुली'च्या अपघातानंतर अमिताभ बच्चन यांना दिलेल्या रक्तातून हा विषाणू आला. २००० च्या सुमारास कळलं, तोवर यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता, असं त्यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे.

विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि आपली संहिता गोल बांगडीसारखी जोडून ठेवतो. टेनोफोव्हिरसारख्या गोळ्या नव्या प्रती काढणं थांबवतात. बांगडी सहसा तशीच राहते. म्हणून औषध मनानं बंद करायचं नाही. आणखी एक गंमत, खरं तर गंमत नव्हे: पेशी मुख्यतः विषाणू मारत नाही, त्याच्याशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती मारते. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका मानत नाही, म्हणून लढाई होत नाही आणि बाळ गुटगुटीत दिसतं. कुरबूर सुरू होते ती कित्येक वर्षांनी. मग यकृत आक्रसतं, काहींना कर्करोग होतो. रक्तात विषाणू सहा महिन्यांहून जास्त टिकला, की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात.

काकींना मी एवढंच सांगितलं. बाळंतपण दवाखान्यातच करा. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला लस द्यायला सांगा, शिवाय इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही मागा. पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट आहेच. सुनेच्या रक्तात विषाणू फार असेल तर शेवटच्या महिन्यांत गोळ्या लागतील. ते डॉक्टर ठरवतील. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांतून मोफत आहेत. घरातल्या बाकीच्यांनीही रक्त तपासून घ्यावं, लस टोचून घ्यावी. आणि बाळाला अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.