गोळ्या सोडू का?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आयटी क्षेत्रातील अनुभव' असं छापलंय. त्यावर जेवताना बोलू. आज वेगळंच सांगायचं आहे.

मागच्या दिवाळीत नात्यातल्या एका मावशीचा फोन आला. "तू शिकलेली. एड्सवर कायमचं औषध निघालंय म्हणत्यात, मोबाइलवर आलंय. मग मी ह्या गोळ्या सोडू का?" तिच्या परवानगीनेच हे सांगतेय, नाव-गाव मात्र सांगणार नाही.

तिचे यजमान ट्रकवर होते. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बटाटा घेऊन लांब जायचे. आपण कॉलेजात असताना ते गेले. मग मावशीलाही लागण असल्याचं कळलं. ती आमच्याकडे आली की तिचा कप वेगळा असायचा, कोनाड्यात पालथा ठेवलेला. कपातून एचआयव्ही पसरत नाही, हे मी वाचलेलं होतं. तरी तो कप मी तिथून हलवला नाही.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी औषधं सुरू केली. त्या गोळ्यांवर मावशी आज नातवंडं खेळवतेय.

मी तिला म्हटलं, "एकही गोळी चुकवू नकोस. मी वाचून सांगते."

बातमी अगदीच खोटी नव्हती. बर्लिनमध्ये टिमोथी ब्राऊन यांना रक्ताचा कर्करोग होता. २००७ मध्ये त्यांना दुसऱ्याच्या मूळ पेशी दिल्या. त्या दात्याच्या पेशींत जन्मतःच असा बदल होता, की विषाणूला आत शिरायचं दारच सापडेना. ब्राऊन एचआयव्हीमुक्त झाले. २०२० मध्ये ते कर्करोगाने गेले, एचआयव्हीने नव्हे. असे बरे झालेले जगात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. हे प्रत्यारोपण जिवावर बेतू शकतं, म्हणून ते कर्करोगासाठीच करतात. शिवाय तसा दाता आपल्याकडे फारच दुर्मीळ.

गोळ्यांनी विषाणू का संपत नाही? तो आपल्या पेशीच्या डीएनएमध्येच स्वतःचा मजकूर लिहून ठेवतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षं झोपून राहतात. गोळी विषाणूची वाढ रोखते, त्या पेशींपर्यंत पोचत नाही. गोळी थांबली की बहुतेकांत तो काही आठवड्यांत परततो. तो मजकूर कापून काढणाऱ्या जनुकीय कात्रीचे प्रयोग माणसांवर सुरू झालेत. पण गोळ्या थांबवल्यावर तिथेही विषाणू परतला. आणि वर्षातून दोनदा घ्यायचं जे लेनाकापाविर इंजेक्शन गाजतंय, त्याला २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती लागण टाळण्यासाठी. फिरत्या संदेशांत त्याचंच 'औषध सापडलं' होतं.

आपली एसटी पुण्याला जाताना भोसरीवरून जाते. तिथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. २००५ मध्ये भारतातली एड्सच्या लशीची पहिली मानवी चाचणी तिथेच झाली. निरोगी माणसांनी स्वतःहून दंड पुढे केले. ती लस पुढे उपयोगी ठरली नाही. पण संशोधन असंच पुढे सरकतं, म्हणून आशा सोडायचं कारण नाही.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी निघंल, पण तवर गोळी." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

मग तिने आणखी एक सांगितलं. ती जवळच्या दवाखान्यात जात नाही. दोन एसट्या बदलून लांबच्या केंद्रावर जाते, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. नियमित गोळीने रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, की शारीरिक संबंधातूनही लागण होत नाही. तरी माणसं बिचकतात. यावरचा इलाज कुठल्या प्रयोगशाळेतून यायचा नाही, तो आपल्याच हातात आहे.

म्हणून एवढीच विनंती. असा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. आणि घरात असा एखादा वेगळा कप असेल, तर तो इतर कपांत ठेवा. मी फार उशिरा ठेवला.