दोन उंदीर आणि एक जंतू

काळा आजार हे नाव बिहारमध्ये खेड्यापाड्यांतून ठाऊक आहे. त्याच्या जंतूचे वर्णन १९०३ साली लेशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. मी बोलणार आहे ते त्या जंतूच्या एका भाऊबंदाविषयी. लेशमेनिया मेजर हे त्याचे नाव. वाळूमाशीच्या दंशातून तो शिरतो आणि कातडीवर व्रण उठवतो.

प्रयोगशाळेत हा जंतू दोन कुळींच्या उंदरांच्या पावलात टोचतात. पाऊल दोघांचेही सुजते. काळ्या कुळीतील उंदराची सूज काही आठवड्यांत ओसरते, व्रण भरून येतो. बॅल्ब-सी या पांढऱ्या कुळीतील उंदराचा व्रण चिघळत जातो आणि अखेर तो दगावतो. जंतू एक, मात्रा एक. मग न्याय निराळा का? आम्हां सरकारी नोकरांना याचे फारसे नवल वाटू नये. अर्ज एकच असला तरी तो कोणत्या टेबलाकडे गेला यावर निकाल ठरतो!

हा जंतू राहतो तो पहारेकऱ्याच्याच पोटात, म्हणजे जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशीत. १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांतील साहाय्यक टी-पेशींचे दोन प्रकार दाखविले. पहिला प्रकार इंटरफेरॉन-गॅमा स्रवतो. त्याने चेतलेली भक्षकपेशी नायट्रिक ऑक्साइड निर्मून आतल्या जंतूला मारते. दुसरा इंटरल्यूकिन-४ स्रवून प्रतिपिंडांकडे वळतो. पण पेशीच्या आत दडलेल्यापर्यंत प्रतिपिंड पोहोचणार कसे? पांढऱ्या उंदरात हे दुसरे द्रव्य वेळीच निष्प्रभ केले, तर तोही बरा होतो.

याहून विलक्षण गोष्ट २००२ साली उजेडात आली. बऱ्या झालेल्या काळ्या उंदराच्या कातडीत थोडे जंतू उरतातच. दाहाला लगाम घालणाऱ्या नियामक पेशी त्यांना जणू अभय देतात. हा लगाम काढला तेव्हा जंतू समूळ नाहीसे झाले, परंतु पुन्हा होणाऱ्या संसर्गापासूनचे संरक्षणही त्यांच्याबरोबरच गेले. वाचताना मी येथे थबकलो.

माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे, हेही सांगितले पाहिजे. काळा आजाराच्या रुग्णांत दोन्ही बाजूंची द्रव्ये एकत्र आढळतात, आणि माणसासाठी प्रचारातली लस अद्याप नाही. मध्यपूर्वेत मात्र चेहऱ्यावर वण राहू नये म्हणून पूर्वी लोक मुलांच्या अंगावर झाकल्या जागी व्रणातला जिवंत जंतूच टोचून घेत असत.